‘बगूया तरी’ म्हणणाऱ्या गड्यासमोर चांगली पानं कशी खेळावी

पावसाळ्यात आमच्या वेंगुर्ल्याकडे संध्याकाळी पडवीत पत्ते निघतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, आणि शेतातली लावणीही अंधार पडला की थांबते. दिवे गेले तर कंदील लावतात, पण डाव मोडत नाहीत. पूर्वी रमी आणि तीन पत्ती चालायची. मग मुंबईहून येणाऱ्या पोरांनी पोकर आणला, आणि तो राहिला.

अशाच एका संध्याकाळी माझ्या हातात अठ्ठीची जोडी होती. फ्लॉप, म्हणजे मध्ये उघडलेली पहिली तीन पानं, पडला राजा, अठ्ठी, चौकी. तीन अठ्ठ्या! मी श्वास धरून ‘चेक’ म्हटलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, की कोणाला संशय नको. समोर मामा होते. त्यांनीही चेक केलं. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, पुन्हा तेच. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पानाला, मी सहा चिंचोके पुढे केले. मामांनी ‘बगूया तरी, काय आसा तां’ म्हणत सहा टाकले आणि राजा-दश्शी उघडली. राजाची जोडी घेऊन बसलेले मामा पहिल्यापासून मी लावेन ते द्यायला तयार होते. मी मागितलंच नव्हतं.

पोकरमध्ये नवखा माणूस सगळ्यात जास्त नुकसान इथे करून घेतो असं माझं ठाम मत आहे. वाईट पानांवर हरलेल्या बिया (आम्ही पैशांऐवजी बियाच लावतो) दिसतात आणि मनाला लागतात. चांगल्या पानांवर न मिळालेल्या बिया दिसत नाहीत, म्हणून तीच चूक वर्षानुवर्षं चालू राहते. ज्यांना टेक्सस होल्डेमचे ढोबळ नियम कळले आहेत, म्हणजे हातात दोन पानं, मध्ये पाच, त्यातून उत्तम पाचांचा डाव, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी बिया वाटून घ्या

आमच्या पडवीत पैसे नसतात. चिंचोका म्हणजे एक, काजूची बी म्हणजे दहा. प्रत्येकाला पंधरा काजूबिया आणि पन्नास चिंचोके, म्हणजे एकूण २००. ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधीच दोघांनी पाळीपाळीने टाकायच्या बिया: लहान ब्लाइंड १, मोठा ब्लाइंड २. खेळ संपला की चिंचोके डब्यात जातात आणि काजू भाजून सगळे मिळून खातात.

नव्या माणसाला मी हेच आग्रहाने सांगतो. महाराष्ट्रात जुगारावर १८८७ चा प्रतिबंधक कायदा आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. गोव्याची हद्द आम्हाला जवळ आहे, मांडवी नदीतले कॅसिनोही सगळ्यांना ठाऊक आहेत. पण शिकायची जागा ती नाही. तिथे पोकरला बसलात तर खेळवणारा आपला वाटा काढून घेतो, आणि शिकाऊ माणसाला प्रत्येक चुकीची किंमत खऱ्या पैशांत मोजावी लागते. बियांवर चुका करा, भरपूर करा.

बियांवर खेळण्याचा एक परिणाम मात्र लक्षात घ्या. घरच्या डावात कोणी पानं टाकत नाही. दिवसभर चिखलात राबून आलेला माणूस दोन तास नुसता पानं टाकत बसणार नाही. त्याला डावात राहायचं असतं, शेवटचं पान बघायचं असतं. म्हणून घरच्या टेबलावर नुसता कॉल देणारे, म्हणजे समोरच्याने लावलं तेवढंच टाकणारे, लोक जास्त भेटतात. रेझ (वाढवणं) फार कमी, फोल्ड (पानं टाकणं) त्याहून कमी. अशा माणसांसमोर कसं खेळावं हे आलं, तर घरचे निम्मे डाव सुटले.

तीन पत्तीच्या दोन सवयी सोडा

पहिली सवय डावांच्या उतरंडीची. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो आणि ट्रेल, म्हणजे तीन समान पानं, सगळ्यांच्या वर. पोकरमध्ये फ्लश म्हणजे एकाच रंगाची पाच पानं ही स्ट्रेटच्या म्हणजे सलग पाच पानांच्या वर, आणि तीन समान पानं या दोन्हींच्या खाली. आमच्याकडे पहिल्या महिन्यात यावरून दोनदा डाव मोडला. उतरंड कागदावर लिहून खांबाला चिकटवा: जोडी, दोन जोड्या, तीन समान, स्ट्रेट, फ्लश, फुल हाउस (तीन समान आणि एक जोडी), चार समान, स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाची सलग पाच).

दुसरी सवय जास्त खोल आहे. तीन पत्तीत भारी पानं आली की चेहरा मख्ख ठेवायचा आणि दुसऱ्याला वाढवू द्यायचं, असं आपण लहानपणापासून बघतो. समोरचा स्वतःहून वाढवणारा असेल तर ते ठीक. पण जो कधी वाढवतच नाही त्याच्यासमोर तुम्हीही गप्प बसलात, तर पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या बिया, आहे तिथेच राहतो. समोरचा गप्प असेल, तर लावण्याचं काम तुमचं.

माणूस ओळखायचा कसा

पहिले वीस-पंचवीस डाव पानांपेक्षा माणसांकडे बघा. ज्या डावात तुम्ही नाही तोही बघा, किंबहुना तोच जास्त बघा, कारण तेव्हा डोकं मोकळं असतं.

फ्लॉपच्या आधी जो जवळजवळ प्रत्येक डावात नुसते दोन चिंचोके टाकून आत येतो, क्वचितच रेझ करतो, तो एक. कोणी लावलं की पानांकडे पुन्हा एकदा बघतो, मान हलवतो आणि बिया टाकतोच, तोही तोच. खरी खूण मात्र शेवटी सापडते. पानं उघडी झाली की त्याने काय घेऊन इथपर्यंत कॉल दिला ते बघा. बोर्डवर, म्हणजे मधल्या उघड्या पानांत, एक्का आणि राजा असताना कोणी पंजीची जोडी घेऊन तीन वेळा कॉल दिलेला दिसला, तर वहीत लिहून ठेवा. मी खरोखरच वही ठेवतो. नाव, तारीख, काय उघडलं, किती लावलं होतं. चार ओळी पुरतात.

यात दोन जाती आहेत आणि नवखा त्या एकत्र करतो. एक मामांसारखा: काहीही जुळलं की शेवटपर्यंत चिकटून राहणारा. दुसरा गप्प पण घाबरट: फ्लॉपला कॉल देतो, टर्नला मोठं लावलं की पानं खाली ठेवतो. दोघेही रेझ करत नाहीत, म्हणून सारखे दिसतात. पुढचं सगळं पहिल्यासाठी आहे. दुसऱ्यासमोर लहान लावा, आणि त्याने टर्नला कॉल दिला तर त्याच्याकडे खरंच काहीतरी आहे असं धरा.

जागा निवडता येत असेल तर मामांना तुमच्या उजव्या हाताला ठेवा. पानांची पाळी डावीकडे फिरते, म्हणजे ते तुमच्या आधी बोलतात आणि तुम्हाला ऐकून ठरवता येतं.

फ्लॉपच्या आधी

चांगली पानं आली की रेझ करा, आणि घरच्या टेबलावर जरा मोठीच करा. आमचं माप असं: मोठ्या ब्लाइंडच्या चौपट, अधिक आधी नुसते आत आलेल्या प्रत्येकामागे एक ब्लाइंड. म्हणजे दोघे आत असतील तर ८ अधिक ४, बारा.

कारण साधं आहे. एक्क्याची जोडी एका अनोळखी हातासमोर शंभरात सुमारे ८५ वेळा जिंकते. दोघांसमोर ७३, तिघांसमोर ६४, चौघांसमोर ५६ च्या आसपास. पानं तीच, पण पडवीतले सगळे जण दोन-दोन चिंचोक्यांत आत बसले तर जवळपास निम्म्या वेळा दुसराच कोणीतरी काहीतरी जुळवतो. बारा लावल्यावर एक किंवा दोघे उरावेत, इतपत हवं. आणि जे उरतात ते महागडी चूक करून आत आलेले असतात.

कोणती पानं? मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी. चिकटून राहणाऱ्या माणसासमोर तुमची रोजची भाकरी म्हणजे सगळ्यात वरची जोडी आणि तिच्यासोबतचं दुसरं पान मोठं. तो त्याच जोडीवर लहान पान घेऊन बसलेला असतो आणि सोडत नाही. लहान जोड्या, दुर्रीपासून सत्तीपर्यंत, स्वस्तात फ्लॉप बघायला ठेवा. फ्लॉपला तिसरं पान जुळण्याची शक्यता साधारण साडेआठ वेळांत एकदा. जुळलं नाही तर सोडून द्या. जुळलं तर पुढचा परिच्छेद दोनदा वाचा.

तीनही वेळा लावा

समजा पॉटमध्ये १० आहेत आणि समोर एकच माणूस, जो कॉल देणार. फ्लॉप, टर्न, रिव्हर, तिन्ही वेळा तुम्ही अख्ख्या पॉटएवढं लावलं: १० चा पॉट ३० होतो, मग ९०, मग २७०. त्याच्याकडून तुम्हाला १३० मिळतात. तिन्ही वेळा अर्धा पॉट लावला: १० चे २०, मग ४०, मग ८०. त्याच्याकडून ३५. आणि पहिल्यांदा चेक करून, उरलेल्या दोन्ही वेळा अख्खा पॉट लावला तर? १० चे ३०, ३० चे ९०. त्याच्याकडून ४०.

हे आकडे मी पोरांना शेणाने सारवलेल्या जमिनीवर चिंचोके मांडून दाखवतो, कारण कानाने ऐकून पटत नाहीत. एकदाच गप्प बसलात की १३० चे ४० झाले. पॉट दर वेळी आधीच्या पॉटवर वाढतो, म्हणून पहिलं लावणं दिसायला लहान असलं तरी शेवटचं किती मोठं होणार हे तेच ठरवतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना आम्ही हेच शिकतो: दोर मध्येच सैल सोडला तर जाळं खालून उचलतं आणि मासा निघून जातो. पहिल्या हातापासून ओढ सारखी हवी.

‘चेक करतो, त्याने लावलं की रेझ करतो’ हा बेतही इथे फसतो. तो लावतच नाही. तुम्ही चेक केलंत की तोही चेक करणार, आणि एक पाळी फुकट जाणार. तेवढ्यात त्याला फुकटात एक पान बघायला मिळतं ते वेगळंच.

एक डाव पूर्ण बघू

ब्लाइंड १ आणि २. भावोजी आणि मामा दोघे नुसते दोन-दोन टाकून आत. तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आणि किलवरची राणी. तुम्ही बारा करता. दोन्ही ब्लाइंड सोडतात, भावोजी सोडतात, मामा कॉल देतात. पॉटमध्ये तुमचे १२, मामांचे १२, भावोजींचे २ आणि ब्लाइंडचे ३, एकूण २९.

फ्लॉप: बदामची राणी, बदामची अठ्ठी, चौकटची तिर्री. मामा चेक. लावायचं का, याचा विचारच नको. किती, एवढाच प्रश्न. पण नवख्याच्या मनात पहिलं येतं: ‘त्यांच्याकडे तीन अठ्ठ्या असतील तर?’ मग मोजा. ही मोजणी एकदा हाताने केली की भीती बरीच कमी होते.

तुमच्या हातात एक राणी आणि बोर्डवर एक, म्हणून उरल्या दोन. मामांकडे राजा-राणी असण्याचे प्रकार चार राजे गुणिले दोन राण्या, म्हणजे ८. राणी-गुलाम ८, राणी-दश्शी ८, राणी-नव्वी ८. झाले ३२. नव्वी, दश्शी किंवा गुलामाची जोडी, प्रत्येकी ६, म्हणजे १८. एक्का-अठ्ठी: उरलेले तीन एक्के, उरलेल्या तीन अठ्ठ्या, ९. एकूण ५९ प्रकारची पानं घेऊन मामा कॉल देतील आणि तुमच्या मागे असतील. बदामच्या दोन पानांवर फ्लशची वाट बघणारे प्रकार यात धरलेलेच नाहीत. आता तुमच्या पुढे काय? अठ्ठीची जोडी हातात, ३ प्रकार. तिर्रीची जोडी, ३. उरलेल्या दोन्ही राण्या, १. राणी-अठ्ठी, ६. एकूण १३. एकोणसाठ विरुद्ध तेरा. दुसरा कोणी असता तर मागच्या ५९ मधले बरेच त्याने टाकून दिले असते. मामा टाकत नाहीत, म्हणून तर एवढी वसुली होते.

वीस लावा. मामा कॉल. पॉट ६९.

टर्नला किलवरची सत्ती. मामा चेक. पंचेचाळीस लावा. इथे हात आखडता घेऊ नका. समजा मामांकडे दोन बदाम आहेत. रिव्हरला बदाम यायची शक्यता न दिसलेल्या ४६ पानांत ९, म्हणजे शंभरात विसाच्या आतच. पण तुमच्या ४५ ला कॉल देऊन १५९ च्या पॉटमध्ये बसायचं तर त्यांची शक्यता शंभरात २८ तरी हवी. असे पाच डाव झाले तर चार वेळा ते ४५ घालवतील, म्हणजे १८०, आणि एकदा समोरचे ११४ मिळवतील. प्रत्येक कॉल तुमच्या फायद्याचा आहे, ज्या वेळी बदाम येतो त्या वेळीसुद्धा. हे पटायला वेळ लागतो, मला दोन पावसाळे लागले.

मामा कॉल. पॉट १५९.

रिव्हरला चौकटची दुर्री. काहीच बदललं नाही. तुमच्याकडे १२३ उरलेत. नव्वद लावा. मामा पानांकडे बघतात, बोर्डकडे बघतात, बगूया तरी म्हणतात आणि राणी-दश्शी उघडतात. पॉट ३३९, त्यात तुमचे स्वतःचे १६७, म्हणजे डावात कमाई १७२. हाच डाव फ्लॉपला चेक करून टर्नला २० आणि रिव्हरला ४५ असा खेळला असतात, तर कमाई ८२ झाली असती.

रिव्हरला दुर्रीऐवजी बदाम आला असता तर? मामा चेक करत असतील, तर तिसाच्या आसपास लहान लावा. राणीची जोडी घेऊन ते अजूनही कॉल देतील. आणि मामांनी स्वतःहून लावलं तर पानं टाका. याबद्दल खाली सविस्तर येईलच.

किती लावायचं

चिकटून राहणारा माणूस आकड्याकडे फारसा बघत नाही, ‘माझ्याकडे जोडी आहे की नाही’ एवढंच बघतो. म्हणून भारी पानांवर पॉटच्या दोन-तृतीयांशापासून सुरुवात करा आणि दोन-तीन डावांत थोडं थोडं वाढवून त्याची मर्यादा कुठे आहे ते शोधा. प्रत्येकाची असते. आमच्या पडवीत मला असं दिसलं की चाळीस चिंचोक्यांचा ढीग पुढे सरकवला की लोक दचकतात, पण चार काजूबिया ठेवल्या की तोच माणूस सहज चार काढून देतो. म्हणून मोठं लावायचं असेल तेव्हा मी काजूच लावतो.

विचारी, पानं टाकणारा गडी समोर असेल तर नेहमी सारखंच माप ठेवावं लागतं, नाहीतर तो ओळखतो. मामांसमोर ती काळजी नको. भारी पानं, मोठं माप. बेताची पानं, लहान माप.

बेताच्या पानांचाही फायदा घ्या

सगळ्यात जास्त बिया इथेच सुटतात. तुमच्याकडे नव्वीची जोडी. बोर्ड अठ्ठी, पंजी, दुर्री, राणी, तिर्री. फ्लॉपला तुम्ही लावलं, मामांनी कॉल दिला. टर्नला राणी आल्यावर दोघांनी चेक केलं. रिव्हरला मामा पुन्हा चेक करतात. बहुतेक नवखे इथे पानं उघडून मोकळे होतात. का? अठ्ठी किंवा पंजीची जोडी घेऊन मामा कॉल देणार आहेतच.

नियम असा लक्षात ठेवा: शेवटी बोलणारे तुम्ही असाल, तर कॉल मिळालेल्या वेळांपैकी निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही पुढे असलात की लावणं फायद्याचं. तीस लावले, दहा वेळा कॉल मिळाला, सहा वेळा जिंकलात आणि चार वेळा हरलात: १८० आले, १२० गेले, ६० उरले. चेक केलं असतं तर हे साठ नसते. त्या चार वेळा वाईट वाटेल, आणि आजूबाजूचे ‘कशाक लावलंस?’ म्हणतील. लावायचं होतं म्हणून लावलं.

रेझ आली की थांबा

संबंध संध्याकाळ नुसते कॉल देणाऱ्या आमच्या एका काकी आहेत. एकदा टर्नला त्यांनी शांतपणे माझ्या वीसचे साठ केले. माझ्याकडे एक्क्याची जोडी होती आणि बोर्डवर गुलाम, दश्शी, छक्की, छक्की. मी मनाशी म्हटलं, एक्के आहेत, एक्के कसे टाकायचे. कॉल दिला, रिव्हरलाही दिला. काकींनी छक्की-सत्ती उघडली. तीन छक्क्या.

ज्या माणसाने तीन तासांत एकदाही रेझ केलेली नाही, त्याची रेझ म्हणजे चिठ्ठी लिहून दिल्यासारखं आहे. तो बनाव करत नाही. बनाव करायचा असता तर आधी केला असता. एका जोडीचा डाव, मग ती एक्क्याची का असेना, टर्न किंवा रिव्हरच्या रेझसमोर टाका. दोन जोड्या असतील तर बोर्ड बघा: तीन बदाम पडलेत का, चार सलग पानं आहेत का, जोडी पडली आहे का. यातलं काही असेल तर दोन जोड्याही टाका. तीन समान किंवा त्याच्या वर असेल तर कॉल द्या, आणि फुल हाउस असेल तर उलट रेझ करा, कारण असा माणूस फ्लश जुळली की ती सोडत नाही.

मोठं लावण्याची तुमची सगळी मोकळीक या एका शिस्तीवर उभी आहे. तुम्ही मागे असताना तो स्वतःच सांगतो, म्हणून पुढे असताना बिनधास्त लावता येतं. रेझवर पानं टाकायला जमलं नाही, तर वर मांडलेला सगळा हिशोब कोसळतो.

खोटं लावू नका, आणि कधी गप्प बसावं

कॉल देणाऱ्याला घाबरवता येत नाही. हातात काही नसताना मामांसमोर मोठं लावणं म्हणजे त्यांना बिया देणं. जुळलं नाही, चेक करा, हरा, पुढचा डाव घ्या. फ्लश किंवा स्ट्रेटची वाट बघत असाल तरी फार लावू नका. तो न टाकणारा असल्यामुळे जुळेपर्यंत स्वस्तात पान बघणं बरं.

भारी पानं घेऊन गप्प बसण्याची वेळ मात्र क्वचित येते. चार समान जुळली, किंवा हातात राणीची जोडी असून फ्लॉप राणी-सत्ती-सत्ती पडला, आणि समोरच्याकडे काही असण्यासारखं फारसं उरलंच नाही, तर एक पाळी चेक करून त्याला काहीतरी जुळू द्यावं. तरीही मी बहुधा लहान लावतोच. सत्ती किंवा एखादी जोडी असेल तर तो कॉल देतोच.

आत तिघे-चौघे असतील तर एका जोडीचा तोरा कमी करा. फ्लॉप आणि टर्नला लावा, दोघे अजूनही डावात आहेत असं दिसलं तर रिव्हरला चेक करा.

पडवीतली रीत

मामांना कधीही सांगू नका की त्यांनी चुकीचा कॉल दिला. हे मी मनापासून सांगतो. राणी-दश्शीवर नव्वद दिल्याबद्दल पोरं हसली की त्यांचा हिरमोड होतो, आणि पुढच्या वेळी ते डावात बसायचे नाहीत. त्यांना डाव बघायचा आहे, त्यात त्यांचा आनंद आहे. ते तुमच्यापेक्षा वडील आहेत, चिंचोके मोजून घ्या आणि चहा सांगा. आणि ज्या वेळी ते रिव्हरला दोन जोड्या जुळवून तुमचे एक्के मारतील, कारण शंभरात पंधरा वेळा ते होणारच आहे, त्या वेळी ‘बरी इली पानां’ म्हणा आणि पत्ते पिसा.

एकट्याने सरावासाठी

पाऊस कोसळत असेल आणि कोणी आलं नाही, तर एक पत्त्यांचा जोड आणि चिंचोके घेऊन बसा. स्वतःला एक्का-राणी किंवा राजाची जोडी द्या, समोर दोन पानं उपडी ठेवा. समोरच्याचे नियम कागदावर लिहा: कुठलीही जोडी असेल किंवा फ्लश-स्ट्रेटची वाट बघत असेल तर कॉल, काहीच नसेल तर फोल्ड, दोन जोड्यांच्या वर असेल तरच रेझ. फ्लॉप काढा, समोरची पानं न बघता लावायचा आकडा आधी लिहा, मग पानं उलटून त्याने काय केलं असतं ते बघा. टर्न, रिव्हर तसंच.

वीस डाव असे खेळा. वहीत दोन रकाने पाडा: एकात तिन्ही वेळा लावून मिळालेल्या बिया, दुसऱ्यात तोच डाव फ्लॉपला चेक करून खेळला असता तर मिळाल्या असत्या त्या. रेझ आलेले डाव वेगळ्या पानावर लिहा, आणि त्यात समोरच्याकडे काय निघालं ते प्रत्येकासमोर नोंदवा. वीस डावांना मला साधारण दीड तास लागतो, पेजेचा टोप चुलीवर ठेवून बसलं की आरामात होतात.